घनता ९९.८ टक्के, तरी चकती दुधाळ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पारदर्शक सिरॅमिकची चकती करायला मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनेट स्पिनेल या ऑक्साइडची तयार नॅनो पावडर घेतली, तिच्यात एक टक्का लिथियम फ्लोराइड मिसळलं, कोरडीच साच्यात दाबली आणि ग्रॅफाइटच्या व्हॅक्यूम भट्टीत १६०० अंश सेल्सिअसला तीन तास ठेवली. दोन मिलिमीटर जाडीची चकती निघाली. आर्किमिडीजच्या पद्धतीने, म्हणजे पाण्यात तोलून, घनता ९९.८ टक्के भरली. पॉलिश करून कागदावर ठेवली की खालची अक्षरं वाचता येतात, पण वर उचलली की सगळं दुधाळ, आणि मधला भाग करडा. आता तापमान १७५० पर्यंत न्यावं, की पावडर आणखी बारीक घ्यावी? आणि मुळात या पदार्थामागे एवढी मेहनत घ्यावी का, की काच किंवा नीलमच बरा?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तापमान वाढवू नका, आणि आणखी बारीक पावडरीच्या मागेही लागू नका. चकती दुधाळ झाली ती बहुधा भट्टीत नाही, त्याच्या आधी, साच्यात. भट्टीने ते फक्त उघडं केलं. गेली २२ वर्षं मी पारदर्शक सिरॅमिकचंच काम करतो आहे. दुधाळ चकत्या ढिगाने पाहिल्या, आणि बहुतेकींचं मूळ पावडरीत किंवा न भाजलेल्या कच्च्या गोळ्यात सापडलं. तुमची पावडर आणि भट्टी मी पाहिलेली नाही, त्यामुळे जिथे माझा अंदाज आहे तिथे तसं सांगतो.

कागदावरच्या चाचणीपासून सुरुवात करू, कारण ती भल्याभल्यांना फसवते. ट्रेसिंग पेपर छापील पानावर टेकवला तर अक्षरं स्वच्छ दिसतात. तोच वीतभर वर धरला तर पान नुसतं पांढरं दिसतं. अक्षर पाठीला चिकटलेलं असतं तेव्हा विखुरलेल्या किरणाला भरकटायला अंतरच मिळत नाही. तुमची चकती नेमकी तशीच वागते आहे. म्हणजे तिच्यातून प्रकाश बराच पार जातो, पण सरळ रेषेत फार थोडा जातो. या दोन वेगळ्या राशी आहेत आणि खिडकी, भिंग किंवा लेझरसाठी दुसरीच कामाची. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजताना चकती डिटेक्टरच्या फार जवळ ठेवली तर विखुरलेला प्रकाशही आकड्यात शिरतो आणि चकती आहे त्याहून चांगली वाटते. ती लांब ठेवा, डिटेक्टरपुढे लहान छिद्राची पट्टी लावा, आणि आकड्याशेजारी जाडी लिहा. जाडी न देता सांगितलेला पारदर्शकतेचा टक्का मी वाचूनही सोडून देतो.

वरची मर्यादाही ध्यानात असू द्या. स्पिनेलचा अपवर्तनांक सुमारे १.७२, म्हणून प्रत्येक पृष्ठावर जवळपास ७ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चकती निर्दोष असली तरी लेप न देता ८७ टक्क्यांच्या वर जाणार नाही. साध्या काचेत हाच आकडा ९२ च्या आसपास असतो, कारण तिचा अपवर्तनांक कमी. ८५ टक्के मिळाले तर निराश होऊ नका; ते उत्तम काम आहे.

आता ९९.८ टक्क्यांकडे वळू. भार पेलणाऱ्या किंवा झिजेच्या कामाच्या सिरॅमिकमध्ये हा आकडा अभिमानाने सांगावा असा आहे. पारदर्शकतेत तो जवळजवळ काहीच सांगत नाही. छिद्रं एक मायक्रॉन व्यासाची धरा आणि सच्छिद्रता ०.१ टक्का. एका घन मिलिमीटरमध्ये अशी सुमारे १९ लाख छिद्रं बसतात. स्पिनेल आणि छिद्रातली पोकळी यांच्या अपवर्तनांकात एवढा फरक आहे की प्रत्येक छिद्र आपल्या आकाराच्या साधारण दुप्पट क्षेत्रफळातला प्रकाश सरळ वाटेवरून बाजूला काढतं. हिशोब केला तर एक मिलिमीटर जाडीतून सरळ जाणारा प्रकाश ५ टक्के उरतो. सच्छिद्रता ०.०१ टक्का झाली की ७४ टक्के, आणि ०.००१ टक्का झाली की ९७ टक्के. पृष्ठावरचं परावर्तन यात धरलेलं नाही. तुमच्या चकतीत खरोखर ०.२ टक्के छिद्रं असतील आणि जाडी दोन मिलिमीटर असेल, तर सरळ प्रकाश व्यवहारात शून्यच. आर्किमिडीजच्या पद्धतीत एक-दोन दशांश टक्क्यांची चूक सहज होते. पाण्याचं तापमान, पृष्ठाला चिकटलेला बुडबुडा, एवढंही पुरतं. ज्या फरकावर सगळं ठरतं तो फरक या तराजूला दिसतच नाही. खराब चकती बाजूला काढायला ती पद्धत ठीक आहे, चांगली चकती निवडायला नाही.

मग तापमान वाढवून उरलेली छिद्रं का मिटत नाहीत? छिद्र मिटतं म्हणजे आजूबाजूचे अणू सरकत येऊन पोकळी भरतात. ही वाहतूक मुख्यतः दाण्यांच्या, म्हणजे सिरॅमिक ज्या बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं त्यांच्या, सीमांवरून होते. छिद्र सीमेवर बसलेलं असेल तोवर त्याला रस्ता आहे. तापमान चढवलं की दाणे झपाट्याने वाढतात, सीमा पळायला लागते, आणि एका क्षणी ती छिद्राला मागे टाकून पुढे निघून जाते. छिद्र दाण्याच्या पोटात अडकतं. तिथून बाहेर पडायचा रस्ता म्हणजे स्फटिकाच्या जाळीतून होणारी अतिशय मंद हालचाल. अशा छिद्राला आणखी दहा तास उष्णता द्या किंवा बाहेरून दाब द्या, ते फारसं हलत नाही.

या क्षेत्राची सुरुवातच या प्रश्नातून झाली. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी अ‍ॅल्युमिनात (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये) अर्ध्या टक्क्याच्या आत मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, मिसळला. त्याने सीमांचा वेग आवरला, छिद्रं सीमांवरच राहिली आणि मिटली. त्याचं पेटंट १९६२ चं आहे. त्या अ‍ॅल्युमिनाच्या नळ्या उच्च दाबाच्या सोडियम दिव्यांत गेल्या. तापलेली सोडियमची वाफ सिलिकाच्या काचेला खाऊन टाकते, अ‍ॅल्युमिना मात्र टिकतो. आणि त्या नळ्या आरपार दिसण्याइतक्या स्वच्छ नव्हत्या, दुधाळच होत्या! दिव्यातून प्रकाश बाहेर पडला की काम झालं, तो सरळ आला की वाकडा याने रस्त्याला फरक पडत नाही. म्हणूनच ‘किती पारदर्शक हवं’ हे काम ठरल्याशिवाय सांगता येत नाही.

अ‍ॅल्युमिनाची एक अडचण स्पिनेलला नाही. अ‍ॅल्युमिनाचा स्फटिक दोन दिशांना दोन अपवर्तनांक दाखवतो. फरक फक्त ०.००८ चा, पण दाणे वेगवेगळ्या दिशांना वळलेले असल्यामुळे प्रत्येक सीमेवर किरण थोडा थोडा भरकटतो. छिद्र एकही नसलं तरी जाड दाण्यांचा अ‍ॅल्युमिना धुरकटच दिसतो. दाणे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास ठेवले तर पातळ तुकडा बऱ्यापैकी आरपार दिसतो. स्पिनेल, याग (यट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट) आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिनायट्राइड हे क्यूबिक, म्हणजे घनाकृती स्फटिकरचनेचे, सगळ्या दिशांना सारखे, त्यामुळे त्यांच्यात हा प्रश्नच येत नाही. तुमच्या चकतीचा दोष दाण्यांच्या दिशेवर ढकलता येणार नाही. तो छिद्रांचा किंवा परक्या पदार्थाचाच आहे.

ही छिद्रं येतात कुठून? कोरड्या नॅनो पावडरीच्या डबीत सुटे कण नसतातच, गुठळ्या असतात. चिमटीत घेऊन बोटांमध्ये चोळा, जिथे रवाळ लागतं तिथे गुठळी आहे. साच्यात दाब दिला की मऊ गुठळ्या फुटतात, कडक तशाच राहतात आणि त्यांच्यामध्ये त्यांच्याच मापाच्या पोकळ्या उरतात. भट्टीत गुठळी आतून लवकर आवळते, शेजारच्यांपासून सुटते, आणि भोवती भेगेसारखी फट राहते. कणांमधली बारीक छिद्रं १४०० अंशांच्या आत मिटतात, पण अशी मोठी पोकळी, जिच्याभोवती दहा-वीस दाणे बसलेत, ती मिटण्याऐवजी कधी कधी वाढतेही. कण जितका बारीक तितका तो शेजाऱ्याला जास्त चिकटतो आणि तितक्या गुठळ्या जास्त. म्हणून २० नॅनोमीटरच्या कोरड्या दाबलेल्या पावडरीपेक्षा १५० नॅनोमीटरची, द्रवात नीट सुटी केलेली पावडर माझ्या हाती नेहमी जास्त स्वच्छ उतरली आहे. पावडरीच्या कागदावर कणांचा आकार मोठ्या अक्षरात असतो. मी आधी गुठळ्यांचा आकार आणि गंधकाचं प्रमाण विचारतो. काही स्पिनेल पावडरी गंधकाच्या क्षारांपासून बनतात आणि उरलेलं गंधक भट्टीत वायू होऊन छिद्रं उघडी ठेवतं.

अंदाज करत बसण्यापेक्षा दोन गोष्टी पाहून घ्या. एक, चकती मोडा आणि मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. छिद्रं दाण्यांच्या पोटात गोल गोल दिसली, तर तापमान आधीच जास्त झालं आहे. ती दाण्यांच्या कोपऱ्यांवर, पुंजक्यांनी किंवा कमानीसारख्या रेषेत दिसली, तर त्या गुठळ्यांच्या खुणा आहेत. दुसरं, कच्च्या गोळ्याचा अर्धा मिलिमीटरचा तुकडा हलका भाजून घट्ट करा आणि पदार्थाच्या जवळपास अपवर्तनांक असलेल्या द्रवात बुडवा. मिथिलीन आयोडाइडचा अपवर्तनांक १.७४ आहे. हातमोजे घाला, वाफ ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच काम करा. द्रव कणांमध्ये शिरला की अपारदर्शक खडू एकदम आरपार दिसायला लागतो, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात आतल्या गुठळ्या, फटी, धागे सगळं दिसतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता. भट्टीत जाण्याआधीच चकतीचं भविष्य समोर होतं.

एकदा आमच्या सहा चकत्यांमध्ये मधोमध पांढऱ्या, किंचित वळलेल्या रेघा आल्या. तीन आठवडे आम्ही तापमान, वेळ, निर्वात बदलत राहिलो. शेवटी चकतीच्या आत सूक्ष्मदर्शकाचा फोकस थरथराने खाली नेला तेव्हा ती रेघ म्हणजे केसासारखी लांब पोकळ नळी निघाली. चाळणी साफ करायच्या ब्रशचा नायलॉनचा तंतू पावडरीत पडत होता, जळून जात होता, आणि मागे आपला साचा ठेवत होता. ब्रश बदलला, रेघा गेल्या. तेव्हापासून आमच्याकडे पावडरीच्या खोलीत कापडी पुसणी आणि पुठ्ठ्याची खोकी येत नाहीत.

करड्या रंगाचं प्रकरण वेगळं आहे. त्याची दोन कारणं असू शकतात. निर्वात भट्टीत ऑक्सिजन निघून जातो आणि जाळीत रिकाम्या जागा राहतात. किंवा ग्रॅफाइटमधला कार्बन आत शिरतो. तपासायला एक तुकडा हवेत ११०० अंशांना पाच-सहा तास ठेवा. रंग एकसारखा उतरला तर ऑक्सिजनची कमतरता होती, काम झालं. रंग उतरताना दुधाळपणा वाढला तर कार्बन बंद छिद्रात अडकलेला आहे. त्याचा वायू होतो आणि तो छिद्राला आतून फुगवतो. अशा चकतीवर उपाय नाही, पुढची वेगळ्या रीतीने करावी लागते. तुमचा मधला भागच करडा आहे, यावरून मला कार्बन किंवा अडकलेलं फ्लोराइड यांचा संशय जास्त येतो, पण हा अंदाजच आहे.

लिथियम फ्लोराइड मुळात दाबाखाली भाजण्याच्या पद्धतीत उपयोगी. ते ८५० अंशांच्या आसपास वितळतं, कणांना सरकायला मदत करतं, कार्बनही काही प्रमाणात ओढून नेतं. पण छिद्रं बंद होण्यापूर्वी ते वाफ होऊन पूर्ण निघून गेलं पाहिजे. कडेचा भाग स्वच्छ आणि मधला धुरकट, ही ते आत अडकल्याची नेहमीची खूण. शिवाय त्याने दाणे मोठे होतात आणि सीमा कमकुवत होतात. तुमच्यासारख्या दाब नसलेल्या भट्टीत मी ते वगळेन.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. पावडर पाण्यात, विखुरणारं रसायन घालून, अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनाच्या किंवा प्लास्टिकचं आवरण असलेल्या गोळ्यांनी बॉल मिलमध्ये फिरवायची. स्लरी बारीक जाळीतून गाळायची, निर्वातात बुडबुडे काढायचे, आणि प्लास्टरच्या किंवा सच्छिद्र साच्यात ओतायची. सावकाश वाळवायची, इथे घाई केली की भेगा. मग रबरी पिशवीत घालून सगळ्या बाजूंनी २०० ते ३०० मेगापास्कल दाब, आणि हवेत ७०० अंशांपर्यंत अगदी धिम्या चढाने सेंद्रिय पदार्थ जाळून टाकायचे. त्यानंतर हवेतच, पावडरीप्रमाणे १४०० ते १५०० अंशांमध्ये, घनता ९६-९७ टक्के होईल इतकंच भाजायचं. या टप्प्याला छिद्रं बाहेरून बंद होतात, पण दाणे अजून मायक्रॉनच्या आत असतात आणि छिद्रं सीमांवरच असतात. मग हॉट आयसोस्टॅटिक प्रेस, आम्ही त्याला हिप म्हणतो: आर्गॉन वायूचा १५० ते २०० मेगापास्कल दाब आणि साधारण १५०० अंश. छिद्रं बाहेरून उघडी राहिली असतील तर आर्गॉन आत शिरतो आणि सगळं व्यर्थ जातं, म्हणून त्या ९६ टक्क्यांचा आग्रह. हिपनंतर रंग काढायला हवेत ठेवाल तेव्हा तापमान जपून. जास्त दिलंत तर दाबलेली छिद्रं पुन्हा उघडतात.

हिप तुमच्याकडे नसेल, तर हा सगळा क्रम व्यवस्थित करूनही निर्वात भट्टीत स्पिनेलची चकती खिडकीच्या दर्जाला पोचणं कठीण. मग याग निवडा, असं मी सांगेन. तो १७५० अंशांच्या आसपास निर्वातात, थोड्या सिलिकाच्या मदतीने, दाबाशिवायही फार स्वच्छ होतो. अकिओ इकेसुए यांनी १९९५ मध्ये निओडिमियमयुक्त याग सिरॅमिकचा लेझर याच वाटेने केला आणि त्याची कार्यक्षमता एकल स्फटिकाच्या तोडीची निघाली. त्याआधीही सिरॅमिक लेझर चालले होते, पण क्षीण. त्यांच्या निकालानंतर लेझरवाल्यांनी सिरॅमिककडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली.

आता शेवटचा प्रश्न, एवढी मेहनत घ्यावी का. साधी सपाट खिडकी हवी असेल, फक्त दृश्य प्रकाशासाठी, आणि तिच्यावर ना उष्णता ना वाळूचा मारा, तर काच घ्या. छोटी, अतिशय कठीण खिडकी हवी असेल तर नीलम घ्या. एकल स्फटिक म्हणून तो तयार मिळतो आणि स्पिनेलहून मजबूत असतो. सिरॅमिकची जागा तिथे आहे जिथे हे दोन्ही कमी पडतात. घुमटाचा आकार मूळ साच्यातच काढता येतो, नीलमचा मात्र ठोकळा कोरावा लागतो. ३ ते ५ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात साधी काच बंद पडते, स्पिनेल चालतो. ल्युटेशियम ऑक्साइडसारखा पदार्थ २४०० अंशांच्या वर वितळतो, त्याचा मोठा स्फटिक वाढवणं फार अवघड, पण सिरॅमिक म्हणून तो वितळबिंदूच्या शेकडो अंश खाली घट्ट होतो. याग सिरॅमिकची पट्टी मध्ये निओडिमियमयुक्त आणि कडेला शुद्ध अशी एकाच भाजणीत जोडता येते. सीटी स्कॅनरमधले क्ष-किरण टिपणारे ठोकळे, तेजस्वी दिव्यांत निळा प्रकाश पिवळा करणाऱ्या सीरियमयुक्त यागच्या चकत्या, दातांचे अर्धपारदर्शक झिर्कोनिया मुकुट, ही सगळी याच घराण्यातली. २००४ मध्ये कॅसिओने कॅमेऱ्यात सिरॅमिकचं भिंग बसवलं. मुराता या जपानी कंपनीच्या त्या पदार्थाचा अपवर्तनांक २.०८, त्यामुळे भिंगांचा संच पातळ झाला. आणि २०१७ मध्ये सिलिकॉन नायट्राइडचं क्यूबिक रूप १५.६ गिगापास्कल आणि १८०० अंशांना पारदर्शक मिळालं. ते मिलिमीटरच्या मापाचं, अजून प्रयोगशाळेतलं, पण दाण्यांच्या सीमा स्वच्छ ठेवल्या तर कोणकोणते पदार्थ पारदर्शक होऊ शकतात याची कल्पना त्याने मला नव्याने दिली.

‘पारदर्शक अ‍ॅल्युमिनियम’ असं जे ऐकू येतं ते अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिनायट्राइड, धातू नव्हे. चिलखती खिडकीत तो किंवा स्पिनेल पुढचा कठीण थर म्हणून बसतो आणि मागे काच, पॉलिकार्बोनेट असतात. एकटा तो गोळी थोपवत नाही. आणि या साऱ्यांत खर्चाचा मोठा वाटा भट्टीचा नसतो, हिऱ्याच्या पावडरीने घासून पॉलिश करण्याचा असतो. म्हणून तुम्ही काय बनवताय ते ठरवताना जाडी आणि आकारासोबत पॉलिशचाही हिशोब आधीच धरा.

सध्या एवढंच करा: हातातली चकती मोडा. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाला, दुसरा ११०० अंशांच्या भट्टीला. छिद्रं दाण्यांच्या आत आहेत की कोपऱ्यांवर, आणि करडेपणा गेला की दुधाळपणा वाढला, ही दोन उत्तरं पावडरीच्या गंधकाच्या आकड्यासह इथे कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.